तक्त्याआधीचा हिशेब

वाचक आईचे पत्र : "आमचे गाव मालवण तालुक्यात, समुद्राला लागून आहे. यजमान मुंबईला नोकरीला असतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात तेवढे घरी येतात. घरात मी, सासूबाई, तिसरीतला आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मुलगा ऐकेनासा झाला म्हणून मार्चमध्ये मोबाइलवर पाहून मी भिंतीवर तक्ता लावला. दात घासणे, अभ्यास, कोंबड्यांना दाणे घालणे, बहिणीला गोष्ट वाचून दाखवणे, समुद्रावरून आल्यावर पाय धुणे अशी दहा कामे, प्रत्येक कामाला एक तारा, दहा ताऱ्यांना दहा रुपये. वाईट वागला तर तारे कापायचे. पहिले पंधरा दिवस घर शांत होते. आता प्रत्येक कामाला 'मला काय मिळणार?' असे विचारतो. गेल्या आठवड्यात पावसात समुद्रावर जाऊ नको म्हटले, तर 'दोन तारे काप' म्हणाला आणि निघून गेला. संध्याकाळी मोबाइलसाठी आकांत करतो. मी कधी दोन-तीन दिवस ठाम राहते, पण शेवटी सासूबाई 'कित्याक रडवतंस तेका' म्हणत स्वतःचा फोन देतात. बाबांना सांगते, जत्रेला नेणार नाही, देवचार येईल, सगळे सांगून झाले. दोनदा माडाच्या हिराने मारले, नंतर मलाच रडू आले. अभ्यासाला, विशेषतः लिहायला बसवले की त्याचे पोट दुखते. बक्षिसे देऊन मी त्याला लोभी केले का? आणि शिक्षा करायची तर कोणती?"

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते. मुलगा लोभी झालेला नाही. घरात कोणत्या वागण्याला काय मिळते याचे त्याचे निरीक्षण पक्के आहे, आणि तुम्ही मार्चमध्ये तक्ता लावलात तेव्हा त्याने तोही त्याच नजरेने वाचला. खरी अडचण अशी आहे की तुमच्या घरात बक्षिसांची एक पद्धत तक्त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. ती कोणी कागदावर लिहिली नव्हती, तिच्यात तारे नव्हते, आणि तिचे बक्षीस दहा रुपयांहून मोठे होते. ती पद्धत तशीच राहिली तर तक्ता कितीही सुधारला तरी तिच्यापुढे टिकणार नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

तुमच्या पत्रावरून मला दिवेलागणीची वेळ अशी दिसते. तव्यावर भाकरी आहे, तुमचे हात पिठाचे आहेत, धाकटी पायांत घुटमळते आहे आणि मुलगा फोन मागतो. तुम्ही नाही म्हणता. तो पुन्हा मागतो, आवाज चढतो, मग पडवीत लोळण सुरू होते. सासूबाई माजघरातून येतात आणि फोन त्याच्या हातात ठेवतात. क्षणात घर शांत होते. या पाच मिनिटांत कोण काय शिकले ते पाहा. मुलगा शिकला की साधेपणाने मागून फोन मिळत नाही, लोळण घेतल्यावर मिळतो. सासूबाई शिकल्या की फोन दिला की नातू हसतो. आणि तुम्ही, मनाविरुद्ध का होईना, शिकलात की आपण गप्प राहिलो तर कटकट मिटते आणि भाकरी करपत नाही. तिघांनाही आपापले बक्षीस जागच्या जागी मिळाले, त्यामुळे उद्या तिघेही हेच करणार.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह कुटुंबांच्या घरी जाऊन नेमकी ही देवाणघेवाण वर्षानुवर्षे नोंदवली. मुलाचा हट्ट आणि मोठ्यांची माघार एकमेकांना पोसत राहतात आणि दर फेरीला दोन्ही बाजूंचा आवाज थोडा वाढतो, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी मुलांना उपदेश करण्याऐवजी आईवडिलांना प्रशिक्षण देण्याची पद्धत विकसित केली. यात कोणाला दोषी ठरवण्याचा प्रश्न नाही. थकलेले माणूस शांततेच्या बाजूने झुकते, आणि वर्षातले बहुतेक दिवस दोन मुले एकटीने सांभाळणारी बाई थकलेली असणारच.

तुम्ही दोन-तीन दिवस ठाम राहता आणि मग कोणीतरी फोन देते, हे मात्र रोज देण्यापेक्षाही महाग पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली : ज्या वागण्याला दर वेळी बक्षीस मिळत होते, ते बक्षीस थांबल्यावर लवकर मावळते, ज्याला अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसताना मिळत होते, ते बक्षीस थांबल्यावरही फार काळ टिकून राहते. खाडीवर गळ टाकून बसलेल्याला दर वेळी मासा लागत नसतो, तरी तो उठत नाही, तसेच हे आहे. तुमच्या मुलाला तीन संध्याकाळी काही मिळाले नाही तरी चौथ्या संध्याकाळची आशा त्याने सोडलेली नाही, आणि ती सोडण्याचे कारणही आपण त्याला दिलेले नाही.

म्हणून पहिला बदल मोबाइलबद्दल करा, आणि तो असा की मोबाइल बक्षीसही नसेल आणि शिक्षाही नसेल. शुभंकरोती झाल्यावर अर्धा तास, एकच ठरलेला फोन, गजर लावून. दिवसभर तो शहाण्यासारखा वागला असो वा नसो. हे त्याला सकाळी, तो शांत असताना, एकदाच सांगा. त्यानंतर वेळेबाहेर मागितला तर एका वाक्यात उत्तर द्या, "शुभंकरोतीनंतर," आणि भाकरी थापत राहा. समजूत घालू नका, वाद घालू नका, मागचे उकरून काढू नका. आठ वर्षांच्या मुलाला रागावलेल्या आईचे दहा मिनिटांचे बोलणे हेही लक्षच वाटते, आणि लक्ष हे बहुतेक मुलांना पैशांहून प्रिय असते.

पहिले काही दिवस आकांत कमी होणार नाही, वाढेल. जे वागणे इतके दिवस हमखास फळ देत होते ते अचानक निष्फळ ठरले की मूल ते सोडून देण्याआधी अधिक जोराने करून पाहते, हे इतके नेहमीचे आहे की ते घडले नाही तरच मला नवल वाटेल. पुष्कळ घरांत नेमके याच टप्प्यावर 'हा उपाय आमच्याकडे चालत नाही' असे ठरते आणि फोन दिला जातो. म्हणजे आजवरच्या सर्वांत मोठ्या आकांताला बक्षीस मिळते आणि पुढचा हट्ट तिथून सुरू होतो. त्यासाठी एक व्यवहारी तोडगा सांगते. ज्या दिवशी अंगात ताप आहे, पाहुणे आले आहेत, वादळाने लाइट गेली आहे आणि आज आपल्याला हे निभावणार नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, त्या दिवशी त्याने पहिल्यांदा, साध्या आवाजात मागताच फोन देऊन टाका. शिस्त त्याने बिघडत नाही. लोळण घेतल्यानंतर दिला तर बिघडते.

सासूबाईंचा विषय नाजूक आहे, पण त्यांना बाजूला ठेवून यातले काहीही जमणार नाही. मुलासमोर त्यांचा हात अडवू नका. मुलाला तेवढी फट पुरते. दुपारी दोघीच असताना सांगा की नातवाचे लाड करायला तुमची हरकत नाही, फक्त तो रडत असताना करू नयेत. खाऊचा डबा त्यांच्या ताब्यात द्या, त्यांना वाटेल तेव्हा, नातू हसत-खेळत असताना त्यांनी तो उघडावा. आजीच्या लाडाला कारण लागत नाही आणि लागूही नये. रडणे हे मात्र त्याचे कारण होऊ नये, एवढेच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. "तो रडला की माझ्यापेक्षा तुमच्या जिवाला जास्त लागते हे मला दिसते, पण त्यालाही ते दिसते," असे तुम्ही त्यांना आदराने म्हणालात तर मला नाही वाटत त्या रागावतील. आठ-पंधरा दिवस तेवढा वेळ त्यांचा फोन त्यांच्याच पिशवीत राहिला तरी पुष्कळ झाले.

आता तक्त्याकडे येते. तुमच्या दहा कामांत दोन कामे अशी आहेत की ती वाचताना मी थांबले : कोंबड्यांना दाणे घालणे आणि बहिणीला गोष्ट वाचून दाखवणे. ही दोन्ही तो आधीपासून आपण होऊन करत होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण करत असावा असे मला वाटते, कारण आईने चांगल्या सवयींची यादी करायला घेतली की मुलाला आधीच आवडणाऱ्या दोन गोष्टी तीत सहज जाऊन बसतात. तसे असेल तर त्या दोन ओळी आजच काढून टाका. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत केलेला प्रयोग याच बाबतीतला आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काही न सांगता चित्रे काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. आणि काहींना काहीच दिले नाही. थोड्या दिवसांनी वर्गात रंगीत पेने मोकळी ठेवली तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले बाकीच्यांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले होते त्यांची आवड कमी झाली नव्हती.

म्हणजे आवडीच्या कामाला मोल लावले की मूलही ते काम मोल घेऊनच करायचे असे समजू लागते. मात्र याच प्रयोगाचा आधार घेऊन बक्षीस सर्वस्वी वाईट असे काहीजण म्हणतात, तेही मला पटत नाही. ज्यात गोडी नव्हतीच, अशा कामाची गोडी बक्षिसाने काय कमी होणार? दात घासण्यावर कोणाचे प्रेम नसते.

बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना विरोध करणारी परंपरा आपल्याला परकी नाही. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, म्हणजे कोकणपट्टीच्याच उत्तर टोकाला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ज्या बालवाड्या उभ्या केल्या, त्यांच्यामागे गुजरातचे गिजुभाई बधेका आणि इटलीच्या मारिया माँटेसरी या शिक्षणतज्ज्ञांचा विचार होता, आणि त्या विचारात छडीला जागा नव्हती तशी बक्षिसालाही नव्हती. माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातला एक प्रसंग सांगितला जातो. एक मूल छातीवर पदक लावून खोलीच्या मध्ये नुसतेच बसलेले त्यांना दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की त्याला तिथे शिक्षा म्हणून बसवले होते, आणि ज्या मुलाला ते पदक खरोखर मिळाले होते त्याने कामात अडचण होते म्हणून ते त्याला देऊन टाकले होते. मनापासून कामात बुडालेल्या मुलाला पदकाची गरज नसते हे खरेच. पण त्या खोलीतले साहित्य मुलाला बांधून ठेवेल अशा हिशेबाने मांडलेले होते, आणि तुमच्याकडे रात्री नऊ वाजता, पाऊस कोसळत असताना, मोरीत जाऊन दात घासायचे आहेत. तिथे थोडी मदत घेतली तर मी नावे ठेवणार नाही.

तेव्हा तक्ता ठेवायचा तर एकाच सवयीचा ठेवा. पाय धुणे घ्या. ते दिसते, लगेच मोजता येते आणि त्यात 'केले की नाही' असा वाद होत नाही. 'शहाण्यासारखे वागणे' ही तक्त्यातली ओळ होऊ शकत नाही, कारण ती पाळली की नाही हे तुमच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरते आणि मुलाला ते अन्यायाचे वाटते. तारा त्याच क्षणी लावा, शक्यतो त्याच्याच हाताने. पाच ताऱ्यांनंतर पैसे देऊ नका. रविवारचे घावणे कोणत्या आकाराचे घालायचे हे त्याने सांगावे, किंवा संध्याकाळी तुमच्याबरोबर जेटीपर्यंत चालत जावे, असे काही. तीन-चार आठवड्यांत सवय अंगवळणी पडू लागली की तारा दोन दिवसांनी, मग आठवड्याने, आणि मग एके दिवशी त्यालाच विचारून तक्ता उतरवून ठेवा. रागाच्या भरात फाडू नका. तसे केलेत तर तो शिक्षा म्हणून गेला एवढेच त्याच्या लक्षात राहील. आणि एकदा मिळवलेला तारा कधीही परत घेऊ नका. सकाळी पाय धुतले ते धुतलेच. दुपारी बहिणीला ढकलले म्हणून सकाळचे पाय मळत नाहीत.

पैशांचे पूर्ण बंद करा असे मात्र मी म्हणत नाही. मे महिन्यात काजूच्या झाडांखाली फिरून मुले बिया गोळा करतात, दुकानात विकतात आणि त्याचे बर्फाचे गोळे खातात. त्यात वाईट काही नाही, ती मजुरी आहे, कष्टाच्या प्रमाणात मिळालेली. सुपाऱ्या गोळा करणे, नारळाची सोडणे (सालपटे) चुलीखाली रचून ठेवणे अशा जास्तीच्या कामाचे दोन पैसे त्याला जरूर द्या. पण स्वतःचे ताट उचलणे, स्वतःचे पाय धुणे, बहिणीला सांभाळून घेणे ही घरात राहण्याची कामे आहेत आणि त्यांचा दर लावायचा नसतो. 'मला काय मिळणार?' असे त्याने विचारले की न चिडता सांगा, "याचे काही मिळत नाही. हे आपण सगळेच करतो." पहिले काही दिवस त्याला हे फसवणुकीसारखे वाटेल, कारण कालपर्यंत मिळत होते. मार्चचा नियम आपण बदलतो आहोत हे त्याला मोकळेपणाने सांगितलेत तर त्याचा राग लवकर ओसरेल.

शाबासकीबद्दल थोडेसे. आपल्याकडे मुलाचे तोंडावर कौतुक करायला माणसे कचरतात. दृष्ट लागेल म्हणतात, डोक्यावर बसेल म्हणतात, आणि पन्नास वेळा चुका दाखवल्यावर एकदा 'बरा केलंस' म्हणतात. तुम्ही कंजूषपणा करू नका, पण नेमके बोला. "शहाणं बाळ माझं" याने त्याला काय केल्याबद्दल हे कळत नाही. "चप्पल काढल्याकाढल्या नळावर गेलास, मला सांगावं लागलं नाही," यातून कळते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की कोडी सोडवल्यावर 'तू हुशार आहेस' असे ऐकलेली मुले पुढे अवघड कोड्यांत अडली तेव्हा लवकर कच खाऊ लागली, आणि 'तू मेहनत घेतलीस' असे ऐकलेली टिकून राहिली. रोज रात्री मुंबईला फोन होतो तेव्हा तुम्ही दिवसभराच्या तक्रारी सांगत असाल. त्याऐवजी मुलगा ऐकत असताना त्याची एक नेमकी चांगली गोष्ट बाबांना सांगा. 'बाबांना सांगते' या वाक्याने बाबा म्हणजे लांबचा पोलीस होऊन बसतो, आणि वर्षातून तीनदाच भेटणाऱ्या माणसाला ती भूमिका देऊ नये. गणपतीला येताना त्यांनी काही आणले तर आनंदाने घ्या. 'नीट वागलास तर आणीन' अशी बोली मात्र त्यांनी आधी करू नये.

आता शिक्षेचा प्रश्न. तो 'दोन तारे काप' म्हणाला आणि गेला, ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशीर कमी होण्याऐवजी वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड मागे घेतल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. पूर्वी उशीर झाला तर बाईंपुढे ओशाळे वाटायचे. दंड आल्यावर त्या उशिराची किंमत ठरली, आणि किंमत मोजली की संकोच संपतो. तुमच्या मुलाने पावसाळ्यातल्या समुद्राची किंमत दोन तारे अशी वाचली. ती त्याला स्वस्त वाटली, यात त्याचे काय चुकले?

समुद्राचा प्रश्न ताऱ्यांचा नव्हेच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात आणि एरवी किनाऱ्यावर जी मोठी माणसे वावरतात त्यांची वर्दळ कमी झालेली असते. अशा दिवसांत आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने तिथे जाणे हे वाईट वागणे म्हणून मोजायचे नाही. ते होऊच द्यायचे नाही. त्याचा हात धरा, दाराला वरची कडी लावा, शेजारच्या घरी सांगून ठेवा आणि दोन दिवसांआड कोणातरी मोठ्या माणसाबरोबर त्याला तिथे न्या, कारण समुद्राच्या काठावर वाढलेल्या मुलाला चार महिने समुद्र दाखवायचा नाही, हेही चालणार नाही.

बाकीच्या चुकांसाठी परिणाम लहान असावा, लगेच व्हावा, चुकीशी त्याचा संबंध असावा आणि तो खरोखर व्हावा. वाळूच्या पायांनी पडवीत आला तर पडवी त्याने झाडावी. सायकल पावसात टाकून दिली तर पुसून, तेल घालून एक दिवस ती खोलीत राहील. बहिणीचा मातीचा बैल फोडला तर तिला दुसरा करून द्यावा. जत्रेला नेणार नाही, या धमकीत यातले काहीच नाही. जत्रा कार्तिकानंतर, आज आषाढ, आणि त्या रात्री दशावतार बघायला सगळी वाडी निघालेली असताना तुम्ही त्याला घरी ठेवणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यालाही. जी शिक्षा अमलात आणायची नाही ती उच्चारूच नये. अशा प्रत्येक धमकीने तुमच्या पुढच्या 'नाही'ची किंमत उतरते. देवचाराचे नाव घेणे तर आजच थांबवा. त्याने मूल आज्ञाधारक होत नाही, काळोखात मोरीपर्यंत जायला घाबरू लागते आणि मग रात्री तुम्हालाच उठावे लागते.

हिराच्या माराबद्दल तुम्हाला रडू आले, म्हणून मी त्यावर जास्त बोलणार नाही. शाळेत मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई केली आहे. जे गुरुजींना करता येत नाही ते घरात तरी कशाला करावे? मार पसरतो त्याचे कारणही वरच्याच हिशेबात आहे. फटका बसताच मूल गप्प होते, म्हणजे मारणाऱ्याला लगेच फळ मिळते, आणि म्हणून पुढच्या वेळी हात लवकर उठतो. मूल मात्र त्यातून नियम शिकत नाही, आईच्या नजरेआड कसे करायचे ते शिकते. राग अनावर झाला तर धाकटीला कडेवर घेऊन खळ्यात जा, दोन मिनिटे थांबा आणि मग परत या.

धाकटीलाही तक्ता हवा असेल तर नको. चार वर्षांच्या मुलीला आईने कुशीत घेणे पुरते.

शेवटी अभ्यास. लिहायला बसल्यावर पोट दुखणे मला हट्टासारखे वाटत नाही, निदान तसे आधीच धरून चालू नये. गोष्ट तो बहिणीला वाचून दाखवतो, तेव्हा खरोखर अक्षरे वाचतो की पाठ झालेली सांगतो, हे एकदा नवीन पान उघडून पाहा. फळ्यावरचे उतरवताना ओळी सुटतात का, काना-मात्रा गळतात का, जोडाक्षरांपाशी अडतो का, डोळे बारीक करतो का, हे बाईंना विचारा. जे मुलाला जमतच नाही ते कितीही ताऱ्यांनी जमत नाही, आणि न जमल्याची शिक्षा झाली तर पोटदुखी वाढते. आधी डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा तपासणीसाठी येते, आणि शिकण्यातल्या अडचणी हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे; पथक तुमच्या शाळेत कधी येणार आहे हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन पोटदुखीचे सांगा. त्यांनी पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवले तर टाळू नका. तोवर रोजचे लेखन पाच ओळींवर आणा, त्याच्या शेजारी बसा, आणि अभ्यासाची ओळ तक्त्यावरून आजच पुसून टाका.